हिरडीच्या रंगाची जलपरी

"नवी कवळी घातली की गिऱ्हाईक कुरकुरणारच. ऐकायचं नाही! 'सवय होईल' म्हणायचं आणि पुढच्या कामाला लागायचं."

कवळीवाल्याच्या उस्तादांचा हा आवाज. उस्ताद जाऊन कैक वर्षं लोटली, पण आवाज काही गेला नाही. मेण तापवायला घेतलं, की त्या वासाबरोबर तो खरखरीत आवाजही खोलीत येऊन बसायचा. कवळीवाल्यानं तो उराशी धरूनच संसार केला. बायकोला नवी चप्पल चावली, "सवय होईल." लेकीच्या खांद्याला दप्तर काचलं, "सवय होईल." आणि सासऱ्यांना कवळी करून दिली, तेव्हा तर त्यांनी ओठ हलवण्याआधीच, "अण्णा, सवय होईल हो!"

अण्णांनी ओठ मिटले ते मिटलेच. मुळात ते घड्याळजी. जन्मभर टिकटिक ऐकण्यात गेलेला माणूस, बोलण्यात काटकसर करणारच. लेकीच्या घरी राहायला आल्यालाही आता बरीच वर्षं झाली होती, पण त्या कवळीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. बरा नाही, वाईट नाही. कवळीवाल्याला नेमकं तेच सलायचं. परके लोक आरशात हसून बघत, त्याचा हात हातात घेऊन आभार मानत. आणि घरचा माणूस एक 'छान' म्हणेना! रोज जेवताना तो आशाळभूतासारखा सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत बसे. अण्णा सावकाश चावत, सावकाश गिळत आणि म्हणत, "मीठ बेताचं आहे."

अशात लेकीनं शेपूट मागितलं.

पोहण्याच्या तलावावर मुलांचं पाण्यातलं नाटक होतं आणि ती जलपरी होती. "बाबा, कापडाचं शेपूट पाण्यात फुगतं. बाई म्हणाल्या, सिलिकॉनचं असतं ते खरं. पण ते कुणाला जमायचं नाही."

"जमायचं नाही?" कवळीवाल्यानं कान टवकारले. "अगं, सिलिकॉन म्हणजे तुझ्या बापाच्या हातचा मळ! रोज लोकांच्या तोंडात घालतो मी."

बोलता बोलता त्यानं कोपऱ्यातल्या खुर्चीकडे चोरून पाहिलं. कवळी ओठांआड झाकून जाते. पण कमरेपासून टोकाच्या पंख्यापर्यंतचं अख्खं शेपूट? ते कसं झाकणार? आता तरी अण्णांना काहीतरी बोलावंच लागेल.

माप घेण्यापासूनच पंचाईत सुरू झाली. लेकीच्या पायांना ओलं प्लास्टर लागलं, की ती गुदगुल्यांनी खिदळायची आणि साच्याला तडे जायचे. कवळीवाला वैतागला. "माणूस हलला की माप हललं! या घरात न हलणारं कुणी आहे की नाही?"

बायकोनं आणि लेकीनं एकदमच कोपऱ्याकडे पाहिलं. अण्णांची अंगकाठी म्हणजे काडी. आजोबा आणि नात शेजारी उभे राहिले तर पायांच्या लांबी-जाडीत डावं-उजवं करता येऊ नये. अण्णांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, लेंगा गुडघ्यावर ओढला आणि म्हणाले, "घ्या."

मग मात्र कवळीवाल्याच्या अंगात कला शिरली. जोडलेल्या पायांचा साचा निघाला, साच्यातून प्लास्टरचे पाय निघाले, पायांवर सिलिकॉनचे थर चढले. शेपटाच्या टोकाला पंखा हवा म्हणून आत जाड प्लास्टिकचा पत्रा बसला. खवले कोरताना कोरणी हातात होती दातांची, सवय होती दातांची. त्यामुळे प्रत्येक खवला जरासा पुढच्या दातासारखा झाला. आणि रंग? त्याच्या कपाटात रंग एकच. हिरडीचा.

बायको कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "अहो, ही जलपरी आहे की जबडा?"

"पाण्यात गेल्यावर वेगळं दिसेल."

"पाण्यात गेल्यावर लोक म्हणतील, कुणाची तरी कवळी पडली!"

तलावावरच्या बाई त्या दिवशी संध्याकाळी शेपूट बघायला येणार होत्या. त्यांना पसंत पडलं नाही, तर जलपरीच नाटकातून जाणार होती. लेक तालमीला गेलेली. एकदा घालून बघायला हवं, आणि ज्याच्या मापाचं त्यालाच ते घालून बघायला हवं. अण्णा कॉटवर बसले. अंगाला भुकटी चोळून कवळीवाल्यानं शेपूट वर वर चढवलं, कमरेपाशी चारी बाजूंनी तळहातानं दाबून आतली हवा बाहेर काढली. फुस्स!

"कवळीचं सगळं मर्म हवेत असतं, अण्णा. आत हवा राहिली की संपलं. वरची कवळी टाळूला कशी धरून बसते? तस्सं!"

"जावईबापू, जरा—"

"सवय होईल!"

शेपूट खरोखरच दृष्ट लागण्यासारखं बसलं होतं. एक सुरकुती नाही, एक फट नाही. कवळीवाला डोकं कलतं करून उभा राहिला. आता येईल तो शब्द, आता येईल. अण्णांनी पंख्याकडे पाहिलं, खवल्यांकडे पाहिलं, घसा खाकरला.

"काढा आता," ते म्हणाले.

कवळीवाल्यानं ओढलं. शेपूट हललं नाही, अण्णा हलले. जोरात ओढलं, अण्णांसकट चादर आली, चादरीबरोबर उशी आली. बायको धावत आली आणि तिनं बापाच्या काखेत हात घातले. दोघांनी दोन बाजूंनी असं ओढलं, की अण्णा क्षणभर हवेत आडवे तरंगले. पण हवा काढून बसवलेलं शेपूट! ओढावं तसं ते अधिक धरून बसे.

"अहो, माझा बाप काढा आधी त्यातून!"

"काढतोय ना! तू जरा चमच्याचा दांडा घालून हवा सोड."

दांडा घातल्यावर आयुष्यात कधी न हसलेले अण्णा खुदकन हसले आणि शेपटाचा एक फटका चमच्याला, दुसरा जावयाला बसला. मग साबणाचं पाणी ओतून पाहिलं. पण कवळीवाल्याची कारागिरी ती! बाहेरून पाणी वाहून गेलं, थेंब आत शिरला नाही. जमीन मात्र अशी निसरडी झाली, की कवळीवालाच दोनदा सासऱ्यांच्या पाया पडला. न्हाणीघरात न्यावं, तर पंखा दारात अडकला. आडवा केला तरी अडकला, उभा केला तरी अडकला. घाबरावं की हसावं ते कळेना, तेव्हा बायकोच्या तोंडून जात्यावरची चाल निघाली:

"जावयानं सासऱ्याला शेपटाचा झगा केला,
घालाया गं सोपा गेला, काढाया गं जीव गेला!"

तेवढ्यात दारावर टकटक झाली. तलावावरच्या बाई आत आल्या. न्हाणीघराच्या दारात एक वृद्ध, गुलाबी मासोळी आडवी पडलेली होती.

"मला वाटलं, मुलीसाठी आहे," बाई म्हणाल्या.

"मुलीसाठीच आहे. हे नुसतं घालून बघतोय."

"कधीपासून?"

"दुपारपासून," अण्णा म्हणाले.

बाई मात्र कामाच्या निघाल्या. त्यांनी कमरेची कड चाचपली आणि म्हणाल्या, "मगानं पाणी ओतून काय होणार? खोल पाण्यात उतरून पाय मारले, की कंबर वाकते, कड सुटते आणि पाणी आपोआप आत जातं. आजोबांना तलावावर घेऊन चला. पोहता येतं ना?"

"नदी पार करायचे ते तरुणपणी," बायको म्हणाली. "आता गुडघ्यांमुळे भिंत धरून चालतात."

कवळ्यांच्या खोलीतली चाकांची खुर्ची बाहेर निघाली. तिच्यावर अण्णा, अण्णांच्या मांडीवर चादर आणि चादरीखालून रस्ता झाडत जाणारा गुलाबी पंखा. शेजारीण खिडकीतून वाकली. "अगंबाई! काय झालं आजोबांना?"

"काही नाही हो," बायको म्हणाली. "जरा घट्ट बसलंय."

तलावावर तालीम थांबली. खेकडे, कासवं, लाटा सगळे काठावर जमले. "आजोबा!" लेक किंचाळली. "माझं शेपूट!"

"चष्मा आणि कवळी काढून द्या," बाईंनी बजावलं. अण्णांनी चष्मा नातीकडे दिला, कवळी जावयाच्या हातात ठेवली आणि ते पाण्यात उतरले.

उतरले आणि दिसेनासे झाले. पाणी हललं, स्थिरावलं. कवळीवाल्याच्या काळजाचं पाणी पाणी झालं. एका 'छान'पायी आपण सासरा बुडवला! तो विजारीसकट उडी मारणार, तोच पलीकडच्या काठाशी गुलाबी पंखा वर उसळला, पाण्याची माळ उधळून पुन्हा आत गेला. घरात भिंत धरून चालणारा म्हातारा पाण्यात कुणालाच धरत नव्हता. वळत होता, पाठीवर पडत होता, आभाळाकडे बघत होता. खेकड्यांनी टाळ्या पिटल्या.

"आजोबा, पाणी शिरलं का? सुटतंय का?" बाईंनी हाक दिली.

"मघाशीच सुटलंय!" आवाज आला. "काढायचंय कुणाला?"

बऱ्याच वेळानं ते काठाशी आले. कवळीवाला गुडघ्यांवर बसला होता. हातातल्या कवळीची त्याला आठवणही उरली नव्हती. अण्णांनी तोंडावरचं पाणी पुसलं आणि बोळक्या तोंडानं म्हणाले, "जावईबापू, शेपूट छान झालंय."

इतक्या वर्षांचा शब्द! कवळीवाल्याला एकदम हातातली कवळी आठवली आणि ती त्यानं पुढे केली. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही. कवळीवाल्याच्या जिभेवर नेहमीचा शब्द आला. तो त्यानं गिळला आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "अण्णा, ही... कशी आहे हो?"

अण्णांनी पंखा एकदा हलवला. मग त्यांनी तोंड उघडलं आणि ओलं बोट आत, पार मागे नेऊन दाखवलं.

"इथे टोचते," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."