आप्पांची हिरवी पट्टी

आमचे शेजारी आप्पा कॉम्प्युटरचा आवाज दुरुस्त करायला बसले की सगळ्यात आधी स्पीकर काढून बाजूला ठेवतात.

तुम्ही म्हणाल, मग आवाज आला की नाही हे कळणार कसं? मीही पहिल्या वेळी हेच विचारलं होतं. आप्पा पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले, "स्पीकर खोटं बोलस, सर. पट्टी खोटं बोलत नही."

ही पट्टी म्हणजे आवाजाच्या सेटिंगमध्ये दिसणारी एक हिरवी रेघ. मशीनमधून आवाज निघाला की ती लांबते, थांबला की आखडते. बाकीचे लोक कॉम्प्युटर ऐकतात, आप्पा बघतात. जाणत्या माणसाची काहीतरी खास रीत असणार, असं समजून मी गप्प बसलो. भूगोलाचा मास्तर आणखी काय करणार?

मी म्हसावदला हायस्कूलवर लागलो आणि आप्पांच्या शेजारी भाड्यानं राहू लागलो. आप्पांची पपई, ऊस, थोडी केळी. बायको वारलेली, एकुलती मुलगी नयना बंगळूरला कॉम्प्युटरच्या नोकरीत. जाताना तिनं आपलं जुनं मशीन बापाला दिलं आणि त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकून दिलं. 'याला व्हायरस लागत नाही' एवढं तिचं वाक्य आप्पांनी पक्कं धरलं. गावात कुणाचं विंडोज अडकलं की ते फवारणीचा सल्ला दिल्यासारखं सांगतात, "लिनक्स टाक. त्याले कीड लागत नही."

मशीन बंद करून चालू करणाऱ्या माणसाचा मात्र त्यांना मनापासून तिटकारा. "बंद करीसन चालू करं म्हंजे दुखनं झाकं," असं म्हणून ते मशीनला हुकूम लिहून द्यायची काळी खिडकी उघडतात आणि एका बोटानं नयनानं शिकवलेली ओळ टाइप करतात. मधेच अक्षर चुकलं तर सगळी पुसून पहिल्यापासून. एकदा मी त्यांना लग्नाचा व्हिडिओ दाखवायला नेला. वाजंत्री वाजत होती, पण चित्र सगळं काळं. मी म्हटलं, व्हिडिओ बिघडलाय. आप्पा म्हणाले, "व्हिडिओ चांगला शे. डबा उना, उघडानी चावी आपलाकडे नही." ती चावी, म्हणजे कोडेक, त्यांनी टाकली आणि नवरदेव दिसू लागला. तो दिसल्यावर काळाच बरा होता असं मला वाटलं, ते सोडा.

पण त्यांचा खरा जीव आवाजात. आवाज गेला असं कुणी म्हटलेलं त्यांना खपत नाही. "आवाज मरस नही," ते म्हणतात, "वाट चुकस."

आमच्या शाळेत पालक मेळावा होता. शाळेतल्या मशीनवरही लिनक्सच आहे. प्रोजेक्टर लावला, मुलांच्या प्रयोगांचा व्हिडिओ सुरू झाला, आणि आवाज नाही. मुख्याध्यापकांना घाम फुटला. गावातले जाणते म्हणून पहिल्या रांगेत बसवलेले आप्पा उठले, स्पीकरची वायर उपटून बाजूला ठेवली आणि सेटिंग उघडलं. हिरवी पट्टी मजेत उड्या मारत होती. "हाई देखा," ते सगळ्या हॉलला म्हणाले, "आवाज शे. पन तो वायरसंगे प्रोजेक्टरमा गया. प्रोजेक्टरले तोंड शे का? पानीनी मोटार मन्ही, अन भिजी ऱ्हायनं शेजारनं वावर."

त्यांनी आवाजाची वाट फिरवून स्पीकरकडे आणली, वायर जोडली, आणि मग पट्टी भरलेली दिसावी म्हणून आवाज पार शेवटपर्यंत सरकवला. काय सांगू! पुढच्या बायांनी पदर कानावर ओढले, झरोक्यातली कबुतरं हॉल सोडून गेली. आप्पा शांतपणे पट्टीकडे बघत उभे होते. "आते बरं चाली ऱ्हायनं," म्हणाले. मी धावत जाऊन आवाज कमी केला, तर माझ्यावरच डाफरले, "काब कमी करा?"

मागून हाक मारली तर ते वळत नाहीत, हेही माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, बागायतदाराचा ताठा आहे.

मग एका रविवारी दुपारी नयनाचा मला फोन आला. "सर, आप्पांच्या मशीनचा आवाज जरा बघता का? दर रविवारी मी व्हिडिओ कॉल करते आणि ते म्हणतात तुझाच माईक खराब. हा तिसरा माईक घेतलाय मी."

मला हसू आलं. कान सोनारानंच टोचावेत म्हणतात, आणि इथं ती मला सोनाराच्याच घरी पाठवत होती. संध्याकाळी गेलो. दार उघडंच होतं. स्वयंपाकघराचा ओटा कोरडा, गॅसवर भांडं नाही. आप्पा मशीनपुढे पाठमोरे, आणि स्पीकरमधून बातम्या एवढ्या मोठ्यानं चाललेल्या की खिडकीचं तावदान थरथरत होतं. "आप्पा," मी ओरडलो. अगदी पाठीशी जाऊन पुन्हा ओरडलो. आप्पा पट्टीकडे बघत राहिले.

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी खांद्यावर हात ठेवला तसे ते दचकून वळले, माझं तोंड पाहिलं आणि बातम्या बंद केल्या.

"कळनं ना तुम्हले?" ते म्हणाले. "तिले सांगू नका. तिनी माय बीमार व्हती तव्हय नोकरी सोडीसन उनी व्हती ती. बाप बहिरा व्हयना कळनं तं परत सोडीसन यी."

"मग कॉलवर बोलता कसं?" मी हातवारे करत विचारलं.

"तिना सवाल मले पाठ शेत. पहिले जेवनं, मंग गोळी, मंग लाईट. पट्टी थांबनी की मी बोलस." आणि जरा लाजून म्हणाले, "ती हासनी की पट्टी बारीक बारीक उड्या मारस. त्यासाठी बसस मी आठे."

एवढ्यात कॉल आलाच. मी बाजूला सरकलो. पडद्यावर नयना दिसली, डोळे सुजलेले. आप्पा तिच्याकडे बघतच नव्हते, त्यांची नजर खाली पट्टीवर.

"आप्पा," ती म्हणाली, "मले आठे करमत नही."

पट्टी थांबली. "जेवनू ना," आप्पा हसून म्हणाले. "वांगानं भरीत व्हतं."

ती पडद्याजवळ सरकली. "घर येस तं बोलाले कोनी नही, आप्पा. भिंतीसकडे देखीसन बसस मी."

"लिधी, लिधी. कव्हयच लिधी गोळी."

पट्टी आडवी पडून राहिली. आप्पांच्या कपाळावर आठी आली. "आवाज गया," ते म्हणाले आणि वायर चाचपायला वाकले.

मला ते बघवेना. ओरडून सांगावं तर तिला ऐकू जाणार. मी कीबोर्ड ओढला, लिहायची खिडकी उघडली आणि मोठ्या अक्षरांत तिची दोन्ही वाक्यं जशीच्या तशी टाइप केली. आप्पा वर आले. त्यांनी ती ओठ हलवत वाचली. मग पुन्हा वाचली. वायर अजून हातातच होती.

मला वाटलं होतं, ते वेळ मारून नेतील. त्यांनी वायर खाली ठेवली.

"नयना," ते म्हणाले, "तुन्हा माईक चांगला शे. तिन्ही माईक चांगला व्हतात. मन्हा कान गयात, बेटा. तू काय बोलनी ते मले आते सरनी लिखी दिनं."

पट्टी बराच वेळ हललीच नाही. मग बारीक बारीक उड्या मारू लागली. आप्पा माझ्याकडे वळले.

"सर, हासी ऱ्हायनी का रडी ऱ्हायनी? पट्टीवर दोन्ही सारखंच दिखस."

"तिच्याकडे बघा ना, आप्पा," मी त्यांच्या कानाशी ओरडलो.

त्यांनी पट्टीवरची नजर उचलली आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं. नयनानं ओढणीनं डोळे पुसले आणि काहीतरी विचारलं. मी पुन्हा आप्पांच्या कानाला तोंड लावलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो, "ती विचारतेय, खरं सांगा, जेवलात का?"

"नही," आप्पा म्हणाले. "तू जेवनी का?"