अर्धी आज्ञा, पूर्ण पंगत

"ज्याला नीट बोलता येतं, त्याला माउस लागत नाही!"

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या यज्ञेश्वर बक्षीचं हे आवडतं वाक्य. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असतानाही त्यानं ते म्हणायचा प्रयत्न केला होता! त्याचं म्हणणं एवढंच, की कॉम्प्युटरला हुकूम द्यायचा तर तो शब्दांत द्यावा. काळी स्क्रीन, पांढरी अक्षरं, एक ओळ टाइप करा, एंटर दाबा, काम फत्ते! चित्रांवर टिचक्या मारत बसणं त्याला पोरकट वाटे.

रायपूर राजधानी होऊन सात-आठ वर्षं झाली होती. नवनवीन सरकारी खाती उघडत होती आणि प्रत्येक खात्याला बाबू हवे होते. यज्ञेश्वरलाही तशी एक नोकरी चालून आली होती. पठ्ठ्यानं ती सोडली आणि घरच्या माडीवर बसून प्रोग्राम लिहायला लागला. त्याच्या आईला, शांताबाईंना, यातलं फारसं कळत नव्हतं. पोरगा दोन्ही वेळा घरी जेवतो, एवढ्यावर त्या खूश होत्या.

पण कळायला हवं होतं ते तात्यापाऱ्यातल्या अनंतराव देवपुजाऱ्यांना. कारण श्रावणी त्यांची मुलगी! शाळेत गणित शिकवणाऱ्या श्रावणीचं आणि यज्ञेश्वरचं तिथल्या मराठी मंडळाच्या नाटकाच्या तालमीत जमलं होतं. घोडं अडलं होतं ते फक्त अनंतरावांच्या होकारावर.

अनंतराव रेल्वेतून रिटायर झालेले. उभी हयात तारा पाठवण्यात गेली. तारेत शब्द जपून टाकायचा, ही सवय हाडीमाशी खिळलेली. भाजी आणखी हवी असली तरी ते "भाजी" म्हणत, आणि खारट झाली असली तरी "भाजी"च म्हणत. उरलेलं बायकोनं ओळखायचं.

"पोट्टा दिवसभर काळ्या पाटीपुढं बसून काय करून राहिला?" त्यांनी श्रावणीला विचारलं होतं. "मले काम दाखव म्हणा. चालतं काम."

बस! यज्ञेश्वरला एवढंच पाहिजे होतं. अनंतराव मंडळाचे सचिव. गणपती जवळ आले होते, आणि मंडळाचे निरोप पाऱ्यापाऱ्यांत, म्हणजे मोहल्ल्यामोहल्ल्यांत, पोचवता पोचवता अनंतरावांचा जीव मेटाकुटीला यायचा. यज्ञेश्वरनं ठरवलं, की मंडळाच्या कॉम्प्युटरवर असा प्रोग्राम बसवायचा, की एक ओळ टाइप केली की ज्याचा निरोप त्याच्या मोबाइलवर! अनंतराव पाहतील, मान डोलावतील आणि मुलगी देतील. योजनेत खोट काढायला जागाच नव्हती.

शुक्रवारी दुपारी मंडळाच्या खोलीत त्यानं अनंतरावांना शेजारी बसवून सगळं समजावलं.

"काका, ह्या शब्दांच्या पोटात शब्द असतात. पहिला शब्द 'निरोप'. त्याच्या पोटात 'बैठक', 'जेवण', 'रद्द'. जेवणाच्या पोटात पारे. पाऱ्याच्या पोटात घरं. प्रोग्राम एकेक शब्द सोडवत आत आत जाते."

अनंतरावांनी डोळे बारीक केले. "म्हणजे रायपूरहून धमतरीची छोटी लाइन. अभनपूरले राजिमचा फाटा."

"हव काका! अगदी तसंच!" यज्ञेश्वर खुर्चीतून उडालाच. सासरा आपला निघाला, असं त्याला वाटलं.

"अन् फाट्यापुढं कुठं जायचं, ते सांगतलंच नाही तर?"

प्रश्न लाखमोलाचा होता. उत्तर यज्ञेश्वरकडे तयार होतं. दुसऱ्यांचे प्रोग्राम अशा वेळी खेकसतात, 'आज्ञा अपुरी आहे' म्हणतात. यज्ञेश्वरला हा खेकसणं प्रकार आवडत नसे. तो बक्ष्यांच्या घरात वाढलेला. शांताबाई स्वयंपाकघराकडे तोंड करून नुसतं "चहा!" म्हणाल्या, की तो घरातल्या सगळ्यांसाठी होई. ओट्यावर बसलेला शेजारी, गॅसची टाकी घेऊन आलेला माणूस, सगळे त्यात आले. 'कोणाला?' असं विचारणं म्हणजे कद्रूपणा! तोच नियम त्यानं प्रोग्रामला लावला होता. आज्ञा अर्धी सोडली, तर ती सगळ्यांना लागू.

पण एवढं सगळं सांगत कोण बसतो? तो रुबाबात म्हणाला, "काका, आपला प्रोग्राम समजदार आहे. उरलेलं तो समजून घेते."

"रेल्वेत गाडी थांबते," अनंतराव म्हणाले.

यज्ञेश्वरनं ते कानाआड केलं आणि टाइप केलं: निरोप बैठक तात्यापारा अनंतराव. एंटर! अनंतरावांच्या खिशात मोबाइल वाजला. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू उमटलं.

"आता तुम्ही, काका. आईनं रविवारी तुम्हा सगळ्यांले जेवायला बोलावलं आहे. तेच आमंत्रण तुमच्या हातानं तुमच्याच घरी पाठवा! मजकूर मी भरून ठेवला आहे. फक्त 'बैठक'च्या जागी 'जेवण' लिहायचं. मी चहा सांगून येतो."

आणि तो खाली उतरला! अहो, ज्याच्यावर आपलं लग्न अवलंबून आहे, त्या माणसाला आपल्या प्रोग्रामसोबत एकटं सोडू नये. पण चहा सांगायची घरची सवय, ती नडली.

अनंतरावांनी लिहिलं: निरोप. मग लिहिलं: जेवण. पुढचं लिहायला बोट उचललं आणि त्यांच्यातला तारबाबू जागा झाला. समजून घेतो म्हणाला ना पोट्टा? मग आणखी शब्द खर्च कशाला? त्यांनी एंटर दाबलं.

स्क्रीन ढिम्म. काम झालं की गप्प बसायचं, हाही यज्ञेश्वरचाच नियम. बडबड करणारे प्रोग्राम त्याला कच्चे वाटत. अनंतरावांनी वाट पाहिली आणि पुन्हा तेच लिहून पुन्हा एंटर दाबलं. मग मोबाइल पाठोपाठ दोनदा वाजला. अनंतराव समाधानानं उठले आणि रेल्वेच्या शिस्तीनं कॉम्प्युटर बंद करून मोकळे झाले.

"गेला का, काका?" चहा घेऊन आलेल्या यज्ञेश्वरनं विचारलं.

"आला," अनंतराव म्हणाले.

गेला तो एकट्या अनंतरावांना नव्हे, अख्ख्या मंडळाला! स्वतःचं घर तेवढं यज्ञेश्वरनं यादीत घातलं नव्हतं. 'रविवारी दुपारी बक्षींकडे सहकुटुंब जेवायला यावे, ही आग्रहाची विनंती.' आणि तोही दोनदा. एकदा बोलावलं तर माणूस बघू म्हणतो. दोनदा बोलावलं म्हणजे खराच आग्रह, न जाणं वाईट दिसतं.

शनिवारी यज्ञेश्वर श्रीखंडासाठी सदर बाजारात गेला, तर जो तो त्याच्याकडे पाहून हसत होता. "उद्या भेटूच, भैया!" एका कापडवाल्या काकांनी तर गालाला हात लावून दृष्ट काढली. आपल्या प्रोग्रामची कीर्ती एका दिवसात सदर बाजारात पोचली, असा यज्ञेश्वरनं अर्थ लावला. त्याला तो खराही वाटला!

रविवारी सकाळी फोन वाजला. वनमालाकाकू बोलत होत्या, मंडळाच्या महिला विभागाच्या. "शांता, माही नणंद आली आहे भिलाईहून. तिलेही घेऊन येऊ न?"

"कुठं?" शांताबाईंनी विचारलं.

"अशी काय करून राहिली? जेवायला! दोनदा निरोप पाठवला न तू!"

शांताबाईंनी फोन ठेवला आणि पोराकडे असं पाहिलं, की त्याला नोकरी सोडल्याच्या दिवसाची आठवण झाली. तो तसाच मंडळाच्या खोलीकडे पळाला. कॉम्प्युटर चालू केला. वरचा बाण दाबला की मागच्या ओळी दिसत, ही सोय त्यानंच केलेली. पहिली ओळ: निरोप जेवण. त्यामागची: निरोप जेवण. पुढं काहीच नाही! ना पारा, ना घर! अर्धी आज्ञा, सगळ्यांना लागू!

पण घाबरेल तो बक्षी कसला? 'जेवण'च्या जागी 'रद्द' टाकायचं की झालं. घाईत बाण एकदा जास्त दाबला गेला. समोर त्याची स्वतःची शुक्रवारची ओळ आली. त्यानं पहिला शब्द पाहिला, दुसरा बदलला, पुढचे पाहिलेच नाहीत! निरोप रद्द तात्यापारा अनंतराव. एंटर! स्क्रीन ढिम्म. म्हणजे काम झालं. यज्ञेश्वर शीळ घालत घरी आला.

आणि पाहतो तर काय! दारात चपलाच चपला! तो घरी पोचेपर्यंत अर्धं मंडळ येऊन बसलं होतं, आणि उरलेलं गल्लीतून येत होतं.

"आई, मी तर रद्द केलं!"

"कोणाले केलं? आलेल्याले मी परत पाठवू का आता? जा, मंडळातला भात शिजवायचा मोठा गंज आण!"

त्या घरात मग जी धावपळ झाली, ती विचारू नका. मोठा गंज आला, शेजारून तांदूळ आले. वनमालाकाकूंच्या नणंदेनं पदर खोचला आणि वडाभाताचे वडे तळायला घेतले. कुणी घरचा तांदळाचा फरा आणला, कुणी कढीला ताक. कोणी एका शब्दानं तक्रार केली नाही, कारण सगळ्यांच्या मनात एकच पक्कं बसलं होतं.

"साक्षगंध आहे न आज?" वनमालाकाकूंनी पिशवीतून साखरपुड्याचा नारळ आणि ब्लाउजपीस काढलं. "असं अख्खं मंडळ दोन-दोनदा उगाच कोण बोलावते? पण पोरीकडचे कुठं आहेत?"

तेव्हा यज्ञेश्वरच्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. सगळे आले होते. फक्त अनंतराव नव्हते!

तो काही बोलायच्या आत वनमालाकाकूंनी फोन लावलासुद्धा. "अनंतभाऊजी, साक्षगंध तुमच्या पोरीचं अन् तुम्हीच घरी बसून राहिले?"

थोड्याच वेळात अनंतराव दारात उभे राहिले. मागे श्रावणी आणि तिची आई. अनंतरावांनी मोबाइल समोर धरला होता. पंगत बसलेली होती, तिचे हात थांबले.

"'काही कारणाने कार्यक्रम रद्द. कृपया येऊ नये.'" त्यांनी मोठ्यानं वाचलं. "साऱ्या गावाले जेवण, अन् मलेच येऊ नये?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. दुखावलेला होता, आणि तेच वाईट होतं. यज्ञेश्वरला वाटलं, आता जमीन दुभंगावी. मुलगी गेली, इज्जत गेली, आणि सगळं आपल्याच हुशारीनं!

"काका, चूक माझी आहे," तो कसाबसा म्हणाला. त्यानं सगळं सांगितलं. अर्धी ओळ, घरचा चहा, वरचा बाण, एकही गोष्ट लपवली नाही. "तुम्ही विचारलं होतं, फाट्यापुढं सांगतलं नाही तर काय. मी ऐकलंच नाही."

"तू रिकाम्या जागी 'सगळे' काहून ठेवलं?" श्रावणीनं विचारलं. वर्गात फळ्यापाशी विचारावं तसं.

"मले वाटलं, कोणी उपाशी नाही राहायला पाहिजे."

पंगतीतलं कोणीतरी फिस्सकन हसलं. श्रावणीनं मात्र ओठ दाबून घेतले आणि खाली पाहिलं.

"रेल्वेत गाडी थांबते," अनंतराव पुन्हा म्हणाले.

"आता आपलीही थांबन, काका. पुढचं विचारल्याशिवाय हलणार नाही."

अनंतराव उभेच. घरात वडाभाताचा वास भरलेला, आणि 'कृपया येऊ नये' वाचल्यापासून म्हाताऱ्यानं पोटात काही घातलं नव्हतं. शांताबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्यांनी स्वतः पाट मांडला, पान वाढलं आणि एका दमात विचारलं, "बसा न भाऊजी. भात वाढू? अन् पोरांचंही आजच पक्कं करून टाकू?"

अनंतरावांनी पानाकडे पाहिलं.

"हव," ते म्हणाले. आणि थांबले.

झालं! वनमालाकाकूंनी नारळ श्रावणीच्या ओटीत घातला. टाळ्या वाजल्या. कुणी पेढे आणायला धावलं. अनंतरावांच्या तोंडात पहिला घास होता, त्यामुळे त्यांना काही बोलता येईना. घास उतरल्यावर ते हळूच म्हणाले, "मी भातासाठी हव म्हटलं होतं."

"बाबा," श्रावणी म्हणाली, "अर्धं सोडलं की सगळ्याले लागू होते."

अनंतराव मिशीतल्या मिशीत हसले. "भात," ते म्हणाले, आणि या वेळी शांताबाईंनी बरोबर ओळखून आणखी वाढला.

लग्न ठरलं. अनंतरावांनी एकच अट घातली आणि तिच्यासाठी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हात सैल सोडून शब्द खर्च केले. "पत्रिकेचे निरोप प्रोग्रामनं नाही जातीन. तू स्वतः जाशीन. प्रत्येक पाऱ्यात, प्रत्येक घरी, पूर्ण नाव घेऊन, हातात अक्षता देऊन!"

म्हणून मग दिवाळीनंतर, ज्याला माउस लागत नव्हता त्याला लूना लागली. ब्राह्मणपारा, तात्यापारा, सदर बाजार, सगळं मंडळ त्यानं पालथं घातलं. घसा बसला, पाय सुजले, पण एक घर सुटलं नाही. सगळ्यांत शेवटी तो वनमालाकाकूंकडे अक्षता देऊन निघाला, तेव्हा काकू दारापर्यंत पोचवायला आल्या.

"येऊ न बाप्पा, नक्की येऊ," त्या म्हणाल्या. मग जरा घुटमळल्या. "पण एक सांगू? सारे पाऱ्यातले म्हणून राहिले. साध्या जेवणाले तू दोनदा बोलावलं होतं. अन् लग्नाले एकदाच?"

यज्ञेश्वरनं लूनाला पायडल मारलं आणि तो पुन्हा पहिल्या घराकडे निघाला.