बदामाच्या छक्कीची मोहीम

पाणीखात्याच्या तिसऱ्या मजल्यावर मोठ्या साहेबांचे यंत्र बंद करविणेस्तव जो संग्राम जाहला, त्याची हकिकत विचारू जाता कोणी म्हणतो धूर निघाला, कोणी म्हणतो साहेब रडले. धूर निघाला हे साफ खोटे. सबब जे घडले ते घडले तैसे, पदरचे काही न घालता लिहून ठेवणे आम्हांस प्राप्त जाहले. वाचणाराने चहा ढवळीत वाचावे, हसू आलिया हसावे, परंतु हसता हसता आपले यंत्र उघडे टाकून उठू नये.

तर या खात्यात सायबर सुरक्षा विश्लेषक या हुद्द्यावर एक मुलगी नेमिली होती. हुद्दा उच्चारता दरवानाची जीभ अडखळू लागली, म्हणोन अवघ्या कचेरीने तिजला पासवर्डबाई ऐसा किताब बहाल केला. घरोघरच्या पाण्याची बिले ज्या यंत्रांत, त्यांत चोर न शिरावे, हे तिचे काम. तिने फर्माविले की पासवर्डास धाकट्या मुलाचे नाव ठेवू नये, आणि मग लोकांनी थोरल्याचे ठेविले. तिने फर्माविले की पास पाहिल्यावाचून कोणास आत सोडू नये, आणि मग दरवान इमानाने प्रत्येकास "पास?" ऐसे पुसू लागला, आणि समोरचा "अहो, मीच" म्हणे, आणि दरवान "हो का, या" म्हणे. वर्ष सरत आले तरी दरवाजात एकही असामी अडविली गेली नव्हती.

बाईंची नेमणूक वर्षाच्या बोलीवर, म्हणजे तात्पुरती. कायम करण्याचा हुकूम टाईप होऊन साहेबांच्या खणात सहीवाचून पडला होता. परंतु तिच्या आत्याबाईंनी, ज्यांनी तिजला लहानाची मोठी केली, भाचीची नोकरी कायम जाहल्याचे गल्लीत केव्हाच जाहीर करून टाकले होते, आणि पेढेही वाटून मोकळ्या जाहल्या होत्या. आता हुकूम न निघता तर आत्याबाईंस गल्लीत तोंड दाखविणे मुश्कील. ऐशा पेचात पोर रोज कामावर येत होती.

इतक्यात वरच्या कार्यालयातून खलिता आला, की यंत्रांच्या तटास खिंडार पडले आहे, सबब शुक्रवारी कचेरी सुटण्याचे आत एकूणएक यंत्रावर अपडेट चढवावे, एकही राहिले तर अवघ्या खात्याची जोडणी तोडण्यात येईल, बिलाच्या खिडक्या बंद पडतील, आणि विश्लेषकास घरी पाठविण्यात येईल. बाईंनी कंबर कसली. बिलखाते पहिल्याच धडकेत शरण आले. तक्रारखात्याने दोन वेळा चहा मागितला आणि मग शरण आले. राहता राहिले एक यंत्र, ते खुद्द मोठ्या साहेबांचे. अपडेट चढविणे तर यंत्र एकवार बंद करून चालू करणे आले, आणि ते कैक महिने बंद म्हणोन जाहलेच नव्हते. पडद्यावर "आता की मागाहून?" ऐसा सवाल येई, आणि साहेब डोळाही न हलविता "मागाहून" दाबीत.

प्रथम बाई जातीने वकिलीस गेल्या. साहेबांनी चष्मा कपाळावर चढविला आणि आज्ञा केली, "महत्त्वाची फाईल उघडी आहे हो. सोमवारी बघू." कोणत्या सोमवारी, ते सांगितले नाही. मग बाईंनी ईमेलांची सरबत्ती केली, परंतु साहेब ईमेल उघडीतच नसत. चोरांच्या फसव्या पत्रांस ते कधी बळी पडले नाहीत त्याचे कारण हेच, आणि त्याच कारणे बाईंचीही पत्रे वाया गेली. मग वायरमनास फितवून मजल्याची वीज तोडविली. दिवे गेले, पंखे थांबले, लोक वहीने वारा घेऊ लागले, परंतु साहेबांच्या मेजाखाली कपाटाएवढी बॅटरी होती, खास याच भयास्तव आणविलेली, ती घुर्र करून जागी जाहली, आणि निळ्या उजेडात साहेब शांतपणे पडद्याकडे पाहात राहिले. बाईंनी हात टेकले.

परंतु टेकलेले हात उचलून, वायर तपासण्याचे निमित्त करून, शुक्रवारी दुपारी त्या साहेबांच्या खुर्चीमागे शिरल्या आणि पडद्यावर नजर टाकिली. फाईल नव्हती. पत्ते होते. एकट्याने खेळावयाचा डाव, राजे राण्या जागच्या जागी खिळलेल्या. साहेबांनी वळून पाहिले, आणि खालमानेने जे बोलले ते कोणत्याही परिपत्रकात नाही.

"कोणाला सांगू नका. आजवर एकही डाव हरलो नाहीये. हा एक अडकलाय. बंद केला की यंत्र हार लिहून टाकतं. निवृत्ती तोंडावर आली, बाई. जाताना तेवढं तरी..."

बाईंस प्रथम संताप आला, ऐसा की वायर उपटून हातात द्यावी. मग त्या पडलेल्या चेहऱ्याची दया आली. मग त्या स्टूल ओढून शेजारी बसल्या आणि दोघे मिळून मसलत करू लागले. ही राणी तिकडे, तो गुलाम इकडे, काही चालेना. घड्याळ मात्र चालत होते.

त्याच समयी आत्याबाईंची स्वारी निघाली. भाची डबा घरी विसरली होती, एवढेच कारण. दरवानाने विचारले, "पास?" आत्याबाई उत्तरल्या, "पास कशाला? डबा आहे." दरवान म्हणाला, "हो का, या." दुसरा दरवाजा कार्डावाचून उघडत नसे, परंतु बाईमाणसाचे दोन्ही हात अडकलेले पाहून एका कारकुनाने तो आदबीने धरून ठेविला. साहेबांच्या दाराशी शिपायाने "बसा मावशी, पाणी देऊ?" म्हणोन पुसले. येणेप्रमाणे वर्षभर बांधलेला कोट आत्याबाईंनी पायांतली चप्पल न वाजविता काबीज केला, आणि त्या थेट यंत्रापाशी ठाकल्या.

आता आत्याबाई म्हणजे पत्त्यांतल्या सेनापती. सासरच्या मंडळींनी त्यांच्यासमोर पत्ते घेऊन बसणे कधीच सोडिले होते. त्यांनी दोघांच्या डोक्यांमधून पडदा पाहिला आणि बोलल्या, "ही बदामाची छक्की वर काय करतेय? खाली आणा तिला, त्या इस्पिकच्या सत्तीवर."

साहेब चकित जाहले. "वर गेली ती गेली. खाली कशी येईल?"

"का नाही येणार? तिला काय गोंद लावलाय?"

येथे साहेबांचा दोष नाही, हे आम्ही स्पष्ट नमूद करितो. उभ्या नोकरीत त्यांनी वर गेलेला एकही मनुष्य खाली आलेला पाहिला नव्हता, आणि पत्त्यांचेही तैसेच असावे ऐसे धरून ते महिनोन्महिने बसले होते.

"उठा बघू," आत्याबाईंनी हुकूम केला, आणि आश्चर्य ऐसे की मोठे साहेब आपल्या खुर्चीवरून उठले. आत्याबाई बसल्या. छक्की खाली आली, आणि तिजवर किलवरची पंजी चढली, आणि पंजीखालून दडून बसलेला किलवरचा एक्का निघाला, आणि मग काय विचारता, दुर्री तिर्री रांगेने हजर जाहल्या, राजे आपापल्या गादीवर बसले, आणि अवघ्या पडद्यावर पत्ते उड्या मारू लागले. साहेबांनी चष्मा पुसला, डोळे पुसले, पुन्हा चष्मा पुसला. बरे, रडले. लपवून काय करावयाचे?

मग साहेबांनी स्वहस्ते "आता" दाबिले. चाक फिरू लागले. तिघांनी डबा उघडून तिथेच खाल्ला. कचेरी सुटण्याची घंटा होण्यास अगदी थोडका अवकाश असता यंत्र जागे जाहले, अपडेट चढले, खिंडार बुजले. साहेबांनी खणातून हुकूम काढिला आणि पेनाचे टोपण उघडिले.

तोच बाईंची नजर साहेबांच्या खुर्चीत आरामात बसलेल्या आत्याबाईंवर गेली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आत्या, तू आत आलीस कशी?"

"कशी म्हणजे? चालत."

कायदा ऐसा की, अनोळखी मनुष्य यंत्रापर्यंत पोहोचला तर त्याच दिवशी वर कळवावे, आणि ज्याच्या पहाऱ्यात हे घडले त्यास कायम करू नये. कायदा बाईंनीच लिहिला होता. साहेब हळूच म्हणाले, "जाऊ द्या हो, कोणी पाहिलंय?" आत्याबाई म्हणाल्या, "मी अनोळखी? तुझा शेंबूड पुसलाय मी!" बाईंचे डोळे भरून आले, परंतु त्या स्टुलावर बसल्या आणि अहवाल लिहू लागल्या: एक बाई, हाती डबा, तीन दरवाजे, कोणी अडविले नाही.

साहेबांनी अहवाल वाचला. पेन हवेत तसेच राहिले. मग त्यांनी एकवार पडद्याकडे पाहिले, आणि "दोष कोणाचा" या रकान्यात आपला स्वतःचा हुद्दा घातला, की यंत्र महिनोन्महिने उघडे ठेवणारा मी, खुर्ची सोडणारा मी, दरवान माझा. आणि खाली सही केली, आणि त्याच शाईने बाईंच्या हुकुमावरही केली. वर शेरा मारिला की, चूक दुरुस्त करणेस्तव सोमवारपासून आपण स्वतः खाली उतरत आहोत.

आणि खरेच उतरले. सोमवारी सकाळी दरवानाशेजारी खुर्ची टाकून मोठे साहेब बसले. आत्याबाई डबा घेऊन आल्या.

"पास?" साहेबांनी विचारिले.

"अहो, मीच! शुक्रवारी तुमचा डाव कोणी सोडवला?"

"तुम्हीच. उपकार विसरलो नाही. पास?"

आत्याबाई तणतणल्या, वादावादी केली, आणि हार खाऊन परतल्या. पाणीखात्याच्या दरवाजात अडविली गेलेली ही पहिली असामी. डबा तपासून आत गेला, आत्याबाई बाहेर राहिल्या, ऐसी फत्ते जाहली, ती येथे दाखल केली असे. त्या सायंकाळी आत्याबाईंनी गल्लीत घरोघर जाऊन सांगितले, की भाचीची नोकरी आता खरोखर कायम झाली, खुद्द मलाही आत सोडत नाहीत.