हिराआत्या आणि बर्फातली लस

आमची हिराआत्या कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. ती कल्ला उघडून बघते. वेसाव्याची कोळीण, सगळा जन्म मासळी विकण्यात गेला. बोटानं माशाचा कल्ला उचलायचा, आत लालभडक दिसला तर मासा ताजा, एवढं शास्त्र तिला पक्कं ठाऊक. गंमत अशी की हे शास्त्र तिनं माशांपुरतं ठेवलंच नाही.

फ्रिज घ्यायला गेली तेव्हा दुकानातल्या सेल्समनचं सगळं भाषण तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते बरोबर हाय. आता ह्याचा कल्ला दाखव." तो बिचारा फ्रिजची मागची बाजू उघडून बसला. लेकीला बघायला आलेल्या मुलाला तिनं नोकरी विचारली नाही की पगार विचारला नाही. "जरा हसून दाखव रे," एवढंच म्हणाली. तो हसला, हिनं मान डोलावली, लग्न ठरलं. जावई चांगला निघाला, हे ती अजून दर सणाला आम्हाला ऐकवते. मला अंधेरीच्या बँकेत नोकरी लागली तर दुसऱ्याच आठवड्यात मॅनेजरसमोर हजर. "माझा भाचा बसतो तिथं वारा येतो का?" वारा येत नव्हता. माझं टेबल खिडकीशी हललं.

अशा बाईच्या नवऱ्याला डॉक्टरांनी लस घ्यायला सांगितली.

आतोबा एके काळचे तांडेल. होडी त्यांच्या हुकमावर चालायची. तरुणपणी विड्या ओढल्या, त्याचा दमा आता छातीत बसलाय. गेल्या वर्षी न्यूमोनियानं हॉस्पिटलात पडले आणि अर्धे होऊन घरी आले. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "पुन्हा असं झालं तर या छातीला झेपणार नाही. नीट बरे झालात की न्यूमोकोकलची लस घ्या." आतोबांना सुईचं भयंकर भय. वादळातून होडी घरी आणलेला हा माणूस लसीचं नाव निघालं की संडासात जाऊन कडी लावून बसायचा.

आत्यानं ठरवलं, लस द्यायची. पण आधी कल्ला.

जोगेश्वरीच्या दवाखान्यात मी बरोबर होतो. आत्या खुर्चीत मांडी घालून बसली.

"बाय, ही लस टोचली की न्यूमोनिया व्हनारच नाय?"

"असं नाही, मावशी. न्यूमोनिया पुष्कळ जंतूंनी होतो. ही लस त्यातल्या एकावर आहे. पण तो फार वाईट. लस घेतली की त्याच्यापासून जिवावर बेतायची भीती बरीच कमी होते."

आत्यानं मला कोपरानं ढोसलं. "बाई खरी हाय. सगळं बंद व्हईल म्हनली असती तर मी उठलेच असते."

"ह्यात जिवंत जंतू हाय का?"

"नाही."

"म्हाताऱ्याला दमा हाय. तरी चालंल?"

"दमा आहे म्हणूनच तर द्यायची."

"मग कवा द्यायची नाय?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. आता त्यांनाही मजा यायला लागली होती. त्या दिवशी चांगला ताप असेल तर थांबायचं, म्हणाल्या. आधी कुठल्या लसीनं अंगावर जोरात काही उठलं असेल, श्वास लागला असेल, तर ते सांगायचं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही. आणि ही लस पूर्वी कधी घेतलेली असेल तर कोणती, केव्हा, हे सांगायचंच, कारण या लसीचे प्रकार एकाहून जास्त आहेत आणि पुढची कोणती द्यायची ते त्यावर ठरतं. दारात उभे असलेले दोन पेशंट आत सरकून ऐकत होते. मला आत्याचा असा अभिमान वाटला की त्यांना सांगावंसं वाटलं, ही माझी आत्या. आतोबा मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

लस मेडिकलमधून आणून दवाखान्यात द्यायची होती. दुकानदारानं ती गार पाकिटाबरोबर छोट्या पिशवीत घालून दिली. "थंड राहिली पाहिजे हां, मावशी." आत्यानं ते पाकीट बोटानं दाबलं आणि हसली. कोळणीला थंडाव्याचं शिकवतो!

घरी येऊन तिनं थर्माकोलची पेटी काढली. खाली बर्फाचा चुरा, मधे लस, वर पुन्हा चुरा, आणि गारवा टिकावा म्हणून मूठभर खडेमीठ. पापलेटाचीसुद्धा एवढी बडदास्त तिनं कधी ठेवली नसेल. मग जेवणं झाली, आतोबांना संडासातून बाहेर काढणं झालं, आणि आमची वरात दवाखान्यात पोचली.

डॉक्टरीणबाईंनी पेटी उघडली आणि चिमटीत लस धरून उजेडात बघितली. आतल्या औषधाचा दगड झाला होता.

"मावशी, ही गार ठेवायची असते. गोठवायची नसते. गोठली की वाया गेली. ही आता टोचता येणार नाही."

"चला मग घरी," आतोबा म्हणाले. त्यांच्या पायांत इतकी चपळाई मी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती.

रिक्षात आत्या पेटी मांडीवर घट्ट धरून बसली.  घर जवळ आल्यावर म्हणाली, "आज टोचली असती तर म्हाताऱ्याची काळजी मिटली असती रे. माझ्याच हातानं लस मारली."

मला वाटलं, उद्या सगळं खापर दुकानदारावर फुटणार. आपलं पापलेट शिळं आहे हेही कधी कबूल न केलेली ही बाई. पण सकाळी ती बाजारात आपल्या पाटीमागे उभी राहिली आणि सगळ्या कोळणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ऐका गो. काल मी लस बर्फात घालून फुकट घालवली. वर मीठ पन टाकलं. तुमच्या म्हाताऱ्यांची आनाल तर पिशवीतली पिशवीत ठेवायची आनि सरळ डॉक्टरकडं न्यायची. बर्फाला लावायची नाय." अख्खा बाजार हसला. आत्याही हसली. मग एकेक कोळीण जवळ येऊन विचारू लागली, कसली लस, कुणी घ्यायची, आणि गिऱ्हाइकं खोळंबली तरी आत्या सांगत राहिली. ही गोष्ट मी बँकेत छाती फुगवून सांगतो.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी लस आपल्याच फ्रिजमध्ये मागवून ठेवली होती. आत्यानं आतोबांच्या कपाळाला हात लावला, "ताप नाय," म्हणून जाहीर केलं. आतोबांनी डोळे गच्च मिटले. टोचून, कापूस लावून झाला तरी ते विचारत होते, "कवा टोचनार?"

थोडा वेळ बाहेर बसून जा, असं सांगून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हात दुखेल, एखादा दिवस कणकण येईल, घाबरू नका. तोंड सुजलं किंवा दम लागला तर मात्र लगेच या." मग त्या आत्याकडे वळल्या. "मावशी, तुमचंही वय झालं. शुगर आहे. तुम्हीही घ्यायला हवी."

"मला नको."

"का हो?"

आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "हा हॉस्पिटलात व्हता तवा घरात मी एकटी जेवायला बसायची. घास उतरायचा नाय. भांडं तसंच झाकून ठेवायची. हा हाय तर सगळं हाय, बाय. हा नसंल तर लस टोचून मी काय करू?"

अख्ख्या बाजाराला दटावणारा तो आवाज शेजारच्या बाकापर्यंतही गेला नाही.  

दंड चोळत बसलेले आतोबा उठले आणि आत्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"हिला पन द्या," ते म्हणाले. "आज ताप नाय. ह्याच्या आधी ही लस घेतली नाय. कुठल्या सुईनं कधी तरास झाला नाय. रक्ताची गोळी चालू नाय." एवढं सलग ते वर्षभरात बोलले नसतील. मग त्यांनी आत्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "डाव्या हाताला द्या, डॉक्टरीणबाई. उजव्यानं ती मासळी कापते."