गजाभाऊंच्या आंब्यावरची बाळंतीण

"या तालुक्यात असं पाखरू नाय, जे या गजाला ठाऊक नाय. आनि असा डीजे अजून वाजला नाय, जो माझ्या भाविकाच्या हळदीला वाजल," असं गजाभाऊंनी पळसदरी स्टेशनाबाहेरच्या टपरीवर चहा ओतून घेता घेता जाहीर केलं, तेव्हा बाकड्यावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन्ही गोष्टी पटण्यासारख्या होत्या.

गजाभाऊ म्हणजे पक्षीमित्र मंडळाचे अध्यक्ष. गळ्यात दुर्बीण इतकी कायम, की आंघोळीला तरी उतरवतात की नाही यावर गावात दोन पक्ष होते. धरणाच्या काठावर काळ्या चोचीवर लाल-पिवळे ठिपके असलेली हळदीकुंकू बदकं राहतात, त्यांच्यासाठी 'शांतता राखा, इथे पक्षी राहतात' ही पाटी त्यांनीच रोवली होती, आणि कोणी उपटू नये म्हणून खड्डा कमरेइतका खोल खणला होता. रविवारी मुंबईची पोरं स्पीकर घेऊन धरणावर आली की गजाभाऊ झुडपातून बिबट्यासारखे बाहेर यायचे. "तुमच्या घरात बाळंतीन असती, तर वाजवला असता का रं असा?" या एका वाक्यावर भलेभले स्पीकर बंद पडले होते.

हळदीला मात्र हा नियम लागू नव्हता. इकडे लग्न एक वेळ साधं चालतं, पण हळदीला पाहुण्यांच्या छातीत धडधडलं नाही तर ते नातवंडांच्या बारशापर्यंत बोलून दाखवतात. म्हणून खालापूरच्या विपुलचा डीजे ठरला होता. नुसता डीजे नव्हे, टेंपोवर रचलेली स्पीकरची भिंत.

गजाभाऊंची आयुष्यात एकच इच्छा राहिली होती. धनेश पक्ष्याचं घरटं बघायचं. त्यासाठी ते ठाकुरवाडीच्या वरच्या रानात वर्षानुवर्षं हिंडले होते. काट्यात पडले, मधमाश्यांनी पिटाळलं, एकदा तर रेल्वेच्या गँगमननी चोर समजून धरून ठेवलं. घरटं काही दिसलं नाही.

हळदीच्या दिवशी सकाळी मांडववाला नवशा दारातल्या आंब्यावर लायटिंगची माळ बांधायला चढला आणि वरूनच म्हणाला, "गजाभाव, झाडात कोन तरी हाय."

"कोन हाय?"

"चोच हाय."

गजाभाऊंनी दुर्बीण डोळ्याला लावली. इतक्या जवळचं दुर्बिणीत दिसेना, तेव्हा त्यांनी कित्येक वर्षांत पहिल्यांदा ती बाजूला केली आणि नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. जुन्या फांदीच्या ढोलीला कोणीतरी गिलावा केल्यासारखं तोंड लिंपलं होतं. मधे एक उभी फट. आणि फटीतून बाहेर आलेलं, वाकड्या चोचीचं टोक. ते जरासं हललं. गजाभाऊ नव्या कोऱ्या पांढऱ्या लेंग्यासकट मातीत बसले.

"धनेशीन," ते म्हणाले.

महिनाभर ते रोज याच आंब्याखाली गाडी लावत होते. रोज सीटवरची घाण पुसत होते, आणि रोज कावळ्यांना शिव्या घालत होते.

"ती दार लिंपून घेते आतून," त्यांनी नवशाला कुजबुजत सांगितलं. "अंडी घालते. पिसं झडतात तिची, उडताबी येत नाय. पिल्लं मोठी होईपत्तुर नर बाहेरून खायाला घालतो."

"म्हंजी ही आत बसून, आनि तो दिवसभर डबा आनतो?"

"दिवसभर."

नवशाने विचार केला. "माझ्या बायकोला सांगू नको," तो म्हणाला, आणि माळ तशीच खांद्यावर टाकून अलगद खाली उतरला.

आनंदाच्या भरात गजाभाऊंनी नरेशला फोन केला. इथे त्यांचं चुकलं. नरेश मंडळाचा सचिव, नियमाला पक्का. तो आला, त्याने वर पाहिलं, चष्मा काढून डोळे पुसले. मग चष्मा घातला आणि फाटकाकडे पाहिलं. तिथून विपुलचा टेंपो मागे मागे येत अंगणात शिरत होता.

"गजाभाऊ, घरट्याजवळ आवाज नाही. नियम तुमचाच आहे."

"तो धरनावरचा नियम."

"धरण कुठे संपतं ते तिला कोणी सांगितलंय का?"

"मग मी काय करू?"

"मांडव हलवा."

"मुहूर्तमेढ रोवलीय रं दारात. तो काय तंबूचा खुंटा हाय उपटायला?"

विपुलला परिस्थिती समजावून सांगितली. त्याला ती समजली, पण पटली नाही. "भाऊ, मी काय म्हणतो, एकदा चेक तर करू द्या," तो म्हणाला. "एकदम हळू. पाखराला कळणारपण नाय." आणि कोणी काही म्हणायच्या आत त्याने एक बटण दाबलं.

धब्.

एकदाच. गोठ्याचा पत्रा थरथरला, जेवणाच्या मांडवातली ताटं आपोआप सरकली, आणि गळ्यात उंबरं साठवून नेमका फांदीवर येऊन बसलेला नर धनेश तोंडातलं उंबर टाकून जो उडाला, तो डोंगराच्या आड गेला. उंबर गजाभाऊंच्या टोपीवर पडलं.

मग सगळे वाट बघत बसले. जेवणं झाली, नर आला नाही. ऊन कललं, नर आला नाही. फटीतलं चोचीचं टोक मधूनच बाहेर यायचं, इकडे तिकडे व्हायचं, परत आत जायचं. गजाभाऊंना घास गेला नाही. नर आलाच नाही तर आतली उपाशी मरणार होती, आणि तेही त्यांच्या दारात, त्यांच्याच पोरीच्या हळदीला.

त्यांची आई सोनुबाई हळद दळून बाहेर आली. तिने सगळं ऐकून घेतलं, वर पाहिलं आणि लेकाकडे वळली.

"धरनावरच्या पोरांना काय बोलतोस रं तू?"

गजाभाऊ खाली बघू लागले.

"बोल की. बाळंतीन असती तर?"

"आई, पावन्यांना सबूद दिलाय मी डीजेचा."

"पावन्यांचं मी बघते. आपल्या दारात बाळंतीन हाय. आता या मांडवात चमचाबी वाजनार नाय."

सोनुबाईचा शब्द म्हणजे शब्द. आचाऱ्यांनी डावांना फडकी गुंडाळली. मिक्सर बंद करून वाटण शेजारच्या आळीत पाट्यावर गेलं. म्हशीच्या घंटेत गवत कोंबलं. नरेश कुदळ घेऊन धरणावर गेला आणि तिथली पाटी मुळासकट उपटून आणून मांडवाच्या दारात उभी केली. 'शांतता राखा, इथे पक्षी राहतात.' खाली अध्यक्ष म्हणून गजाभाऊंचं नाव. भाविका हळदीच्या साडीत बाहेर आली, तिने ती वाचली आणि तोंडात पदर कोंबून हसली.

उन्हं उतरता उतरता नवऱ्याकडची माणसं उष्टी हळद घेऊन आली, पुढे बेंजो वाजवत. वळणावरच मांडवातल्या बायका आडव्या आल्या, सगळ्यांची बोटं ओठांवर. बेंजोचा सूर मधेच तुटला. नवऱ्याची आत्या गोदाबाई पुढे झाली. तिने शांत मांडव पाहिला, उतरलेले चेहरे पाहिले, आणि पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"कोन गेलं गं?"

"कोनी नाय गेलं," सोनुबाई कुजबुजली. "घरात बाळंतीन हाय."

गोदाआत्याने नवरीकडे पाहिलं. मग तिच्या पोटाकडे पाहिलं. मग सोनुबाईकडे, फार वेळ.

"ती नाय गं बये. वर बघ."

सगळ्या पाहुण्यांनी वर पाहिलं. फटीतलं टोक हललं. सोनुबाईने दार लिंपून बसलेल्या धनेशिणीची कथा सांगितली, पिसं झडल्याची, न आलेल्या नवऱ्याची. गोदाआत्याने पायातल्या चपला काढून हातात घेतल्या. मग तिच्या मागच्या सगळ्यांनी काढल्या.

हळद लागली. गावात डीजे आल्यापासून सोनुबाईचे धवले, लग्नातली ती जुनी गाणी, कोणी ऐकलेच नव्हते. ती आज गायली, पाळण्याशी म्हणावं इतक्या हळू आवाजात. पुरुषांना नाचल्याशिवाय राहवेना. ते बिनआवाजाचे नाचले, जो तो आपापल्या मनातल्या गाण्यावर, त्यामुळे कोणाचाच पाय कोणाशी जुळेना. विपुल आपल्या स्पीकरच्या भिंतीला टेकून, हाताची घडी घालून, डोंगराकडे बघत उभा होता.

आणि मग तो आला.

आधी डोंगरावरून एक ठिपका. दोन-चार वेळा पंख मारायचे आणि मग नुसतं तरंगायचं, असा. मांडवावरून गेला तेव्हा पंखांची सळसळ प्रत्येकाला ऐकू आली, कारण तेवढाच आवाज होता. राखी रंगाचा, लांब शेपटीचा, चोचीवर छोटंसं शिंग मिरवणारा. तो फांदीवर बसला आणि एवढ्या माणसांकडे त्याने एका डोळ्याने पाहिलं. नाचणाऱ्यांचे हात वरच राहिले. त्याने मान झटकली, गळ्यातून एक उंबर चोचीच्या टोकाशी आणलं आणि फटीत दिलं. आतल्या चोचीने ते घेतलं. मग दुसरं. मग तिसरं. गळ्यातून उंबरं येतच होती, संपतच नव्हती.

भाविकाच्या हळदीच्या गालावरून पाणी ओघळलं, तिथे पांढरी रेघ उमटली. गजाभाऊंनी दुर्बिणीला हातही लावला नाही. गोदाआत्याने शेजारच्या आपल्या नवऱ्याला कोपराने ढोसलं आणि हळूच म्हणाली, "बघा." तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघू लागला.

"असा कार्यक्रम बघितला नाय बा कधी," एक म्हातारा पाहुणा कुजबुजला. गजाभाऊंच्या इज्जतीचा प्रश्न तिथे मिटला.

सगळ्यात जास्त गहिवरला विपुल. "माझ्यामुळं बिचारीला दिवसभर उपवास घडला," तो म्हणाला. आता तो इंजिनही चालू करणार नव्हता. टेंपो ढकलत रस्त्यापर्यंत न्यायचा, असं त्याने ठरवलं. हळदीने पिवळे झालेले सगळे पुरुष मदतीला लागले. विपुलने गिअर काढला, हँडब्रेक सोडला आणि तोही मागे येऊन ढकलू लागला. अंगणातून टेंपो निघाला, फाटकातून बाहेर पडला आणि धरणाकडच्या उताराला लागला. तिथून त्याला कोणाची गरज उरली नाही.

टेंपो एकटाच चाललाय हे सगळ्यांना दिसलं. पण ओरडलं कोणी नाही. बाळंतीण होती. पन्नासेक पिवळी माणसं अनवाणी, चवड्यांवर, हातवारे करत त्याच्यामागे धावली.

टेंपो धरणाच्या काठापर्यंत गेला. जिथून मघाशी नरेशने पाटी उपटली होती त्या खड्ड्यात त्याचं पुढचं चाक गेलं, स्पीकरची भिंत केबिनवर कलंडली आणि हॉर्न दबला. तो बॅटरी उतरेपर्यंत वाजत राहिला. हळदीकुंकू बदकं शेलू गावाच्या बाजूला निघून गेली.