दोरापुढचं गाऱ्हाणं

तातूबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. विचारणाऱ्यांना सांगायचो, डोळे अधू झालेत. डोळे उत्तम आहेत.

तातू आमच्या मिठबावचा नारळ पाडणारा. त्याला एकच व्यसन होतं, गाऱ्हाणं घालायचं. आमच्याकडे देवापुढे उभं राहून मोठ्याने मागणं मागतात आणि जमलेले लोक प्रत्येक मागण्याला ‘व्हय महाराजा’ म्हणतात. तातूला त्यासाठी देवही लागत नसे. कुणकेश्वरची एसटी सुरू होईना, की हा तिच्यापुढे हात जोडून उभा. “बा गाडये महाराजा, लेकरांका वाटेत टाकू नको.” आणि कंडक्टरसकट सगळी गाडी खिडक्यांतून ‘व्हय महाराजा’. गाडी सुरू झाली तर श्रेय तातूचं. नाही झाली, तर ‘व्हय’ म्हणणाऱ्यांचा आवाज कमी पडला. शेवटी त्याचं ठरलेलं वाक्य यायचं, “मागणा बारीक आसा, पण इसरा नको.”

मी शाळेचा हेडमास्तर. मी कधी ‘व्हय’ म्हटलं नाही. शुद्ध मराठीत त्याला समजावायचो, की तातू, यंत्राला कान नसतात.

“म्हणान तर मोठ्यान सांगतंय, मास्तर.”

मग ते वादळ आलं. वाडीतली माणसं वेळीच देवळात गेली. खाडीकाठची कमळाकाकू तेवढी दोन नातवंडांसह घरात अडकली. तातूने माडावर चढायचा आपला दोर शाळेच्या खांबाला बांधला, तो पाण्यात उतरला आणि तिघांना शाळेत घेऊन आला. शाळेची किल्ली माझ्याकडे होती, म्हणून मीही शाळेतच होतो. माळ्यावर, जुन्या नकाशांच्या मागे.

पाणी ओसरल्यावर काकूचा मुलगा येऊन तिला आणि नातवंडांना मुंबईला घेऊन गेला. तातू आपली वाहून गेलेली शेळी शोधत फिरत होता. आपणही काहीतरी करावं म्हणून मी दोर गुंडाळत बसलो होतो, तेवढ्यात फोटोवाला आला. दोर माझ्या हातात पाहून लोकांनी आपापला अर्थ लावला. जन्मभर मुलांच्या चुकांवर लाल शाई ओतली, पण ही चूक मला सुधारावीशी वाटली नाही.

पुढे गावात त्या वादळाचं संग्रहालय झालं. फाटकी जाळी, वाकलेले पत्रे आणि मधोमध काचेत तातूचा दोर. वर माझा फोटो, खाली ‘जिवाची पर्वा न करता पाण्यात उतरलेले गुरुजी’. उद्घाटनाला मला हार मिळाला आणि तातूला खुर्च्या लावायचं काम.

तेव्हापासून तातू दर सोमवारी तिथे यायचा. चपला बाहेर काढायचा. हे देऊळ नव्हे, असं मी एकदा त्याला सुनावलं. “मगे तुमका हार कित्याक घातलो?” असं विचारून तो आत गेला.

एका सोमवारी मी मुंबईच्या पाहुण्यांना माझा पराक्रम सांगत होतो. तातू आला आणि काचेपुढे हात जोडून उभा राहिला. मला वाटलं, आज हा बोलणार.

“बा दोरा महाराजा, ह्यो आमचो मास्तर. तो घरात एकटो, मीय एकटो. वारो सुटलो की तेका भिया वाटता. पुढल्या वादळात तेका माळ्यार एकटो ठेव नको. माका सोबतीक धाड रे महाराजा.”

पाहुण्यांना माळ्याचं काही कळलं नाही. त्यांनी हौसेने ‘व्हय महाराजा’ म्हटलं. जन्मात पहिल्यांदा मीही म्हटलं.

“मागणा बारीक आसा,” माझ्याकडे बघत तातू म्हणाला, “पण इसरा नको.”

परतताना तातूजवळ सगळं कबूल करून टाकायचं ठरवलं होतं. तो वाटभर शेळीबद्दल बोलत राहिला आणि मी ऐकत राहिलो. त्याच पावसाळ्यात तो तापाने गेला.

आता सोमवारी मी जातो. चपला बाहेर काढतो. काचेपुढे हात जोडतो आणि शाळेत कधी न बोललेल्या मालवणीत म्हणतो, “बा तातू, दोर तू न्हेलंस. मी माळ्यार होतंय. माका माफ कर रे महाराजा.”

आत कुणी नाही ना, हे आधी नीट पाहून घेतो. त्यामुळे ‘व्हय’ म्हणायला कुणीच नसतं.