भूकंप बोलण्याच्या परवान्याची दिल्लीस्वारी

लातूर-नांदेड प्रांतींच्या खासगी रेडिओधन्यांनीं दिल्लीदरबारीं जी थोर मोहीम केली, तिचें वर्तमान कोणाची भीड न धरितां लिहावें, ऐसी मित्रमंडळीची आज्ञा जाहली. त्यावरून जैसें घडलें तैसें लिहिलें असे.

ते समयीं किल्लारीच्या थोरल्या भूकंपास बहुत वर्षें लोटलीं होतीं, आणि लातूर शहरीं शिकवणीचे क्लासवाले प्रबळ होऊन, चौकाचौकांत टोलेजंग फलक उभारून, मुलुख काबीज करून बैसले होते. त्यांच्या जाहिरातींवर एक एफएम केंद्र नांदत असे. केंद्राचे धनी राजमान्य राजश्री शेषेराव. आणि सकाळचे प्रहरीं बोलणारी बिलकीसबी, शहरांतील जुन्या अत्तरवाल्यांची कन्या, जिचा आवाज रेणापुरापासून निलंग्यापावेतों घरोघरीं ओळखीचा. परंतु सरकारचा हुकूम सख्त जे, खासगी रेडिओनें गाणीं वाजवावीं, थट्टामस्करी करावी, जाहिरात करावी. बातमी मात्र बोलूं नये.

ऐसें असतां एके सकाळीं धरणी हालली. फडताळांतील भांडीं खालीं आलीं, वसतिगृहांच्या जिन्यांत चेंगराचेंगरी होऊन दोघी पोरींचे पाय मोडले, आणि निलंग्याहून नागुबाई नामें वृद्धेनें केंद्रास फोन करून पुसिलें, "बाई, लई जोरात हाललं गं. घरात जाऊ का नगं? तू सांग, मी तुझंच ऐकते."

बिलकीसबीनें धन्यांकडे पाहिलें. धन्यांनीं ओठांवर बोट ठेविलें. मग तिणें निरुपायें गाणें लाविलें, तें नेमकें झोक्याचें निघालें. आणि त्यामागून, पोरांस डॉक्टर करून देणाऱ्या क्लासची जाहिरात वाजली. सायंकाळीं ती धन्यांपुढें उभी राहून बोलली, "सर, म्हातारी जीव मुठीत धरून विचारायली, अन् मी तिला झोक्याचं गाणं ऐकवलं. उद्यापासून मी येत न्हाई."

आवाज गेला तर जाहिराती जाणार, हें जाणून शेषेरावांस तत्क्षणीं लोककल्याणाची कळ आली. मग नांदेडच्या केंद्रवाल्यांसीं मसलत होऊन, रेडिओधन्यांच्या संघाचे वकील मुज्तबासाहेब यांस अग्रभागीं घालून, आणि बिलकीसबीस साक्षीस घेऊन, फौजेनें दिल्लीकडे कूच केलें. अर्जींत कलम एकच होतें, जे भूकंप जाहल्यास बोलूं द्यावें. परंतु वाटेनें वकिलांनीं आणिक कलमें घातलीं: परवान्याची फी उतरावी, जाहिरातींस मोकळीक असावी, आणि परीक्षांचे निकाल, प्रवेश व करिअर यांस बातमी समजूं नये. बिलकीसबीनें पुसिलें, "वकीलसाब, ह्यात भूकंप कुठं हाय?" वकील वदले जे, अगदीं शेवटीं आहे, दरबारीं भारी माल शेवटीं काढावा लागतो.

दिल्लीस पोहोंचून दालनामागून दालन सर करीत, प्रत्येक मुक्कामीं चहाचा मारा सोशीत, फौज नभोवाणी खात्याच्या खासा सचिवसाहेबांचे हुजुरांत दाखल जाहली. तेथें फीवर खलबत जाहलें, निकालांवर जाहलें, आणि सचिवसाहेब उठावयास लागले तों बिलकीसबी मध्येंच बोलली, "साहेब, ही खुर्ची आत्ता हालली तर तुम्ही कुणाला विचाराल?" शेषेरावांनीं पुन्हां ओठांवर बोट ठेविलें. सचिवसाहेबांनीं क्षणभर खुर्चीचे हात धरिले, आणि आज्ञा केली जे, सदरहू प्रश्न भूगर्भ खात्याचा होय.

पुढें यथावकाश फर्मान सुटलें. फीचें पाहूं म्हणोन लिहिलें. निकाल, प्रवेश व करिअर यांस पूर्ण मुभा दिली. भूकंपही बोलावा, परंतु स्थानिक सरकारी कचेरीनें लेखी कळविल्यावरीच बोलावा. शेषेरावांनीं पेढे वांटिले. क्लासवाल्यांनीं स्टेशनावर बँडबाजा पाठविला, आणि बिलकीसबीच्या गळ्यांत इतके हार पडले कीं तिचें तोंड दिसेना. तिणें ते उतरविले, आणि रिक्षा करून घरीं गेली.

मग फिरोन धरणी हालली. बिलकीसबीनें लेखी वर्तमानाकरितां कचेरीस फोनावर फोन केले. परंतु अवघी कचेरी शहाणपणानें मैदानांत जाऊन उभी, उचलतो कोण? इकडे लोकांच्या फोनांनीं यंत्र थरथरूं लागलें. तिणें फर्मान चाळून पाहिलें. फर्माईशीचें गाणें कोणास अर्पण करूं नये, ऐसें त्यांत कोठेंच नव्हतें. तेव्हां तिणें माईक ओढिला आणि बोलली:

"हे गाणं त्यांच्यासाठी, जे आत्ता घाबरून घराबाहेर पळाले. भिंतीपासून लांब उभे राहा. कव्वाली मोठी हाय, ती संपेस्तवर आत जाऊ नका. अन् वसतिगृहातल्या पोरीहो, तुमच्यासाठी बी हेच. जिन्यात ढकलाढकली करू नका, एकमेकींचा हात धरून उतरा."

ते दिवशीं जिन्यांत कोणाचें बोटही चेंगरलें नाहीं. आणि दोन प्रहर टळले नाहींत तों एका क्लासवाल्यानें शेषेरावांस गांठून, पुढील धक्क्याची कव्वाली आपल्या नांवें राखून ठेविली.

येणेंप्रमाणें रेडिओधन्यांस दिल्लीदरबारीं फत्ते जाहली. निकाल, प्रवेश व करिअर हीं ठाणीं हस्तगत जाहलीं. भूकंप तेवढा, कचेरीचा कागद येईपावेतों, जाहलाच नाहीं, ऐसें दफ्तरीं नोंदविलें असे.